जोतीरावांच्या नजरेने आपली शाळा बघा!

एप्रिल महिना उजाडला की आमच्या लोहाऱ्यात दोन विषयांची चर्चा सुरू होते. पहिला विषय ११ आणि १४ एप्रिलच्या जयंतीचा. मिरवणूक, वर्गणी, डीजे, भोजनदान. दुसरा विषय पोराला पहिलीत कुठे घालायचे याचा. यवतमाळ शहराला लागून असलेले हे गाव, बाजूला एमआयडीसी. मजुरी करणारा, हातावर पोट असलेला आमचा समाजबांधव जयंतीच्या बैठकीतला हिशेब आटोपला की आम्हाला बाजूला घेतो आणि विचारतो, वकीलसाहेब, पोराचे नाव सरकारी शाळेत टाकू की कॉन्व्हेंटमध्ये? कुणी टायवर भुलतो, कुणी दारात येणाऱ्या स्कूल बसवर. पण शाळा चांगली की वाईट हे नेमके कशावरून ठरवायचे, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

ज्यांच्या जयंतीची वर्गणी आपण गोळा करतो, त्या राष्ट्रपिता जोतीराव फुल्यांनी मात्र हा प्रश्न आयुष्यभर विचारला. त्यांनी शाळा काढल्या हे आपल्याला पाठ आहे. पण दुसऱ्यांनी चालवलेल्या, सरकारने चालवलेल्या प्राथमिक शाळेची परीक्षा कशी घ्यायची, हेही त्यांनी शिकवले. जोतीरावांच्या चरित्राचे हे पान आपल्या चळवळीत कमी वाचले जाते. म्हणून आज ते उघडू या.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा, पुण्याचा. मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यामुळे फुले झाले. आई चिमणाबाई लहानपणीच गेली. वडील गोविंदराव यांनी पोराला पंतोजीच्या शाळेत घातले. पण माळ्याच्या पोराने शिकून काय करायचे, असे भटशाहीच्या वळणातल्या माणसांनी बापाच्या कानात भरले आणि जोतीबांचे नाव शाळेतून निघाले. हाती पाटीच्या जागी खुरपे आले. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. १८४७ मध्ये त्यांचे इंग्रजी शिक्षण संपले.

एक पोरगा शाळेतून गळाला की त्याचे काय होते, हे जोतीरावांना पुस्तकातून कळलेले नव्हते. ते स्वतःच गळालेले पोर होते. एका मुसलमान आणि एका ख्रिस्ती शेजाऱ्याने आग्रह धरला म्हणून ते परत शाळेत गेले. त्या दोघांनी तोंड घातले नसते तर महाराष्ट्राच्या इतिहासातून एक महात्मा वजा झाला असता. आज आपल्या गल्लीतले पोर सहावीत शाळा सोडून कामाला लागते, तेव्हा त्याच्या बापाकडे जाऊन बसणारे मुन्शी आणि लिजिट आपल्यात किती आहेत?

१८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा अपमान झाला. त्याच वर्षी अहमदनगरची मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी बघितली आणि पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. शिक्षिका मिळत नव्हती, म्हणून सावित्रीमाईंना शिकवून उभे केले. रस्त्यात शेण पडले, दगड पडले, तरी माई थांबल्या नाहीत. बापाने घराबाहेर काढले तेव्हा उस्मान शेख यांच्या घराने या जोडप्याला आसरा दिला. १८५१ मध्ये बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात आणि रास्ता पेठेत, १८५२ मध्ये वेताळ पेठेत मुलींच्या शाळा निघाल्या. १८५२ मध्येच महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाली. सदाशिवराव गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर यांच्यासारखे सहकारी सोबत होते. सरकारने दक्षिणा फंडातून दरमहा ७५ रुपयांची मदत दिली.

आता मुद्द्याची गोष्ट. या शाळांची परीक्षा बंद दाराआड झाली नाही. १८५२ आणि १८५३ मध्ये पुण्यात मुलींच्या जाहीर परीक्षा झाल्या. बाहेरच्या माणसांनी मुलींना प्रश्न विचारले, आणि बघायला गावची गर्दी लोटली. नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शाल देऊन सत्कार झाला. परंतु शालीपेक्षा मोठे प्रमाणपत्र १८५५ मध्ये मिळाले. त्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदय या पत्रात छापून आला. ज्या समाजाच्या कानावर अक्षर पडू नये म्हणून धर्माने बंदोबस्त केला होता, त्या समाजातील पोरीने त्याच धर्माला जाब विचारला. आम्हाला विचाराल तर भारतातील कोणत्याही प्राथमिक शाळेचा याहून मोठा निकाल लागलेला नाही. त्या शाळेत टाय नव्हता, बस नव्हती. शिकलेले पोर स्वतःच्या जगण्याबद्दल चार ओळी स्वतः लिहू शकते का, ही पहिली कसोटी इथे मिळते.

१८५५ मध्ये जोतीरावांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. पुढे शाळांच्या कारभारातून ते बाजूला झाले, पण शिक्षणावरची नजर हटली नाही. १८७३ मध्ये गुलामगिरी प्रसिद्ध झाली आणि २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये उधळायचा ठराव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा असे म्हणून विरोधात उभे राहणारे ते एकटेच होते. कमानी आणि रोषणाईचा खर्च शाळेच्या खर्चाशी ताडून बघायची ही सवय आपण जयंतीच्या बजेटलाही लावून बघितली पाहिजे. हे वाक्य काहींना टोचेल, पण ते टोचलेच पाहिजे.

मग १८८२ साल आले. सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी १९ ऑक्टोबरला आपले निवेदन सादर केले. वकिली करताना आम्ही पुष्कळ निवेदने वाचली, काही लिहिली. पण एवढे मुद्देसूद निवेदन क्वचित बघितले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा मूळ आरोप. वरच्यांना शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपते, हा सरकारचा भ्रम त्यांनी खोडून काढला. मुंबई इलाख्यातील दहापैकी नऊ गावे, म्हणजे जवळपास १० लाख मुले, शाळेवाचून आहेत असे त्यांनी मांडले आणि निदान १२ वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली.

त्यापुढे ते शाळेच्या आत शिरले. शिक्षक कोण आहे? बहुतेक एकाच जातीचे, अनेक विनाप्रशिक्षित, पगार १० रुपयांच्या आतबाहेर. अशा शिक्षकाकडून काय शिकवून होणार? म्हणून शिक्षक प्रशिक्षित हवा, शक्यतो शेतकरी वर्गातला, लोकांत मिसळणारा, प्रसंगी नांगर हाती धरायला न लाजणारा हवा. त्याला १२ रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावात १५ ते २० रुपये द्या. शिकवायचे काय? मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्याचे धडे. क्रमिक पुस्तके जुनाट झाली असतील तर बदला.

आणि तपासणी? वर्षातून एकदा येणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरच्या फेरीचा काही उपयोग नाही, निदान तीन महिन्यांनी शाळा तपासा, आणि अधूनमधून वर्दी न देता जा, असे जोतीरावांनी सुचवले. गावच्या आणि जिल्ह्याच्या अंमलदारांवर विसंबू नका, त्यांच्या मागे इतकी कामे असतात की त्यांची तपासणी वरवरची होते, हेही त्यांनी बजावले. निकाल बघून पैसे देण्याच्या तेव्हाच्या पद्धतीलाही त्यांनी विरोध केला. गोरगरिबांत अजून शिक्षणाची गोडी लागलेली नाही, तिथे ही पद्धत लावली तर त्यांच्या वस्तीत शाळा काढायला कुणी धजावणारच नाही, हे त्यांनी ओळखले होते. आज केवळ गुणांच्या आणि पटाच्या आकड्यावर शाळा मोजणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

महार-मांगांच्या मुलांबाबत तर त्यांनी आकडाच ठेवला. पुण्यात या समाजाची वस्ती ५ हजारांहून अधिक, शाळा एक, आणि तिथे हजर मुले ३० देखील नाहीत. इतर शाळांत वरच्या जातीच्या मुलांशेजारी आमच्या पूर्वजांना बसू देत नव्हते. ही आडकाठी आहे तोवर पुरेशी संख्या असेल तिथे स्वतंत्र शाळा द्या, असे त्यांनी म्हटले. शाळा मोजताना सर्वांत खाली दाबलेले पोर आधी मोजायचे, ही दुसरी कसोटी.

आपला वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. १८५३ पासून तो निजामाने इंग्रजांच्या हवाली केलेला मुलूख होता. त्यामुळे जोतीरावांचे आकडे यवतमाळचे नाहीत. पण त्यांची मोजपट्टी यवतमाळलाही चालते, लोहाऱ्यालाही चालते.

जोतीरावांनी पुढे १८८३ मध्ये शेतकऱ्याचा असूड लिहून पुरा केला. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासमोर शेतकऱ्याच्या वेशात जाऊन खरा हिंदुस्थान कसा अडाणी ठेवला आहे ते सुनावले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. नंतर पक्षाघात झाला, तरी डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म लिहिला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीमाई गेल्या.

हंटर आयोगाने जोतीरावांची सक्तीच्या शिक्षणाची मागणी मानली नाही. ती धुरा बोधिसत्त्व बाबासाहेबांनी खांद्यावर घेतली. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी दाखवून दिले की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात फक्त १८, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात. पहिलीत आलेली किती पोरे शेवटच्या वर्गापर्यंत टिकली, ही तिसरी कसोटी बाबासाहेबांची. पुढे संविधानाच्या कलम ४५ मध्ये दहा वर्षांच्या आत १४ वर्षे वयापर्यंत मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचे निर्देश आले. पण मूलभूत हक्क म्हणून कलम २१-क संविधानात यायला २००२ साल उजाडले. जोतीरावांनी निवेदन दिल्यापासून १२० वर्षे!

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याने जोतीरावांचा वर्दी न देता येणारा तपासनीस नेमून टाकला आहे. तो तपासनीस म्हणजे आपण. सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि दुर्बल व वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेचे कामकाज बघणे, अनुदान कुठे खर्च झाले ते तपासणे, शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे काम आहे. पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक, ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक, वर्षाला २०० दिवस शाळा, मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपता येत नाही. तक्रार असेल तर स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्या. कागद दडवले तर २००५ चा माहिती अधिकार आहेच.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेच्या समितीत पालक म्हणून होतो. सभा झालीच नाही, रजिस्टर घरी आले आणि आम्ही कोर्टात जायच्या घाईत न वाचता सही केली. अशिलाला कोऱ्या कागदावर सही करू नको म्हणून बजावणारे आम्ही! नंतर कळले की वरच्या ठरावात सगळे आलबेल असल्याचे लिहिले होते आणि वर्गातली चौथीची पोरे हातचा घेऊन बेरीज करू शकत नव्हती. दोष फक्त शाळेचा होता काय? तो आमचाही होता. आमच्या सहीने ती पोरे पास झाली आणि तिथेच नापास झाली.

२०२३ मध्ये राज्यात कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची हालचाल झाली. पट कमी का होतो? आपण पोर काढतो म्हणून. आपण का काढतो? शाळा चांगली नाही म्हणून. आणि ती चांगली का होत नाही? तिथे प्रश्न विचारणारा पालक उरला नाही म्हणून. हे चक्र कुठेतरी तोडावे लागेल. सरकारी शाळा बंद पडली तर पैसेवाल्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते लोहाऱ्याच्या मजुराच्या पोरीचे, जिची फी भरायला कुणी नाही.

म्हणून या जयंतीला एक काम करू या. विहारातून थेट शाळेत जाऊ या, हार घेऊन नव्हे, वही घेऊन. शिक्षक वर्गात आहे का बघा. शेवटच्या रांगेतल्या पोराच्या हाती पुस्तक द्या आणि वाचायला सांगा. पारध्याचे, भटक्याचे, वीटभट्टीवरचे पोर कुठे बसते ते बघा. पहिलीतल्या पटाशी पाचवीचा पट ताडून बघा. समितीची सभा खरेच होते का, रजिस्टर कोण लिहितो ते विचारा. आणि चांगला शिक्षक दिसला तर त्याचे नाव गावभर करा, कारण जोतीरावांनी शिक्षकाच्या पगाराचीही तेवढीच काळजी केली होती. कॉन्व्हेंटमध्ये पोर घातले असेल तरी याच कसोट्या तिथेही लावा.

भिडेवाड्याची पडकी इमारत स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडली गेली. तिथे स्मारक जरूर व्हावे. पण गावोगावची सरकारी शाळा उभी राहिली, तिथे कुणा मुक्तेने चार ओळी स्वतःच्या लिहिल्या, तर जोतीराव आणि सावित्रीमाईंचे ते खरे स्मारक ठरेल.

जय जोती! जय भीम!