ओटो फॉन गेरिके
ओटो फॉन गेरिके (१६०२–१६८६) हे निर्वात पंपाचे जनक मानले जाणारे जर्मन शास्त्रज्ञ होते. १६३१ मध्ये माग्देबुर्ग शहर लुटून जाळण्यात आले, तेव्हा त्यांची मालमत्ता गेली; १६४६ मध्ये ते त्याच शहराचे महापौर झाले. भरलेल्या लाकडी पिंपातील पाणी उपसून पोकळी निर्माण करण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला, कारण फटींतून हवा आत शिरत राहिली. नंतरचा तांब्याचा गोल तर बाहेरच्या हवेच्या दाबाने चेपला. अखेर १६५७ मध्ये, आतील हवा काढून घेतलेले दोन अर्धगोल १६ घोड्यांनाही सहजी विलग करता आले नाहीत. आज मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेत शीतक वायू भरण्यापूर्वी निर्वात पंपानेच आतील हवा व बाष्प काढून टाकतात. पंप थांबवल्यावर दाब वाढत राहिला, तर कोठेतरी गळती आहे असे समजून वायू भरणे थांबवले जाते.