गांधीजींना शब्द दिला, उरुळीत थांबले आणि रेतनाची सोय थेट गोठ्यापर्यंत नेली

आज नाशिक जिल्ह्यात गाय माजावर आली की शेतकरी फोन लावतो आणि रेतन करणारा माणूस मोटरसायकलवरून दारात येतो. महाराष्ट्राला ही सवय लावणाऱ्यांमधलं एक मोठं नाव म्हणजे मणिभाई देसाई.

जन्म १९२० चा, सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावचा. १९४२ च्या चळवळीत उतरलेला हा तरुण मार्च १९४६ मध्ये गांधीजींसोबत पुण्याजवळच्या उरुळी कांचनला आला. तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. गांधीजी पुढे गेले, पण पंचविशीतले मणिभाई आयुष्यभर इथेच राहण्याचा शब्द देऊन थांबले.

गावात गरिबी होती आणि गाई दूध द्यायच्या जेमतेम. मणिभाईंनी आश्रमात गीर गाई सांभाळल्या. १९६७ मध्ये ‘बाएफ’ संस्था उभी केली. जर्सी, होल्स्टिन वळूंचं वीर्य उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ते खेडोपाडी जाऊ लागलं.

पण गाय दवाखान्यात नेण्याऐवजी माणूसच गोठ्यात का पाठवायचा?

कारण माज जेमतेम काही तास टिकतो. त्या वेळी इस्ट्रोजेन हार्मोन वाढलेलं असतं, पांढऱ्या पेशी गर्भाशयात धावून येतात आणि बाहेरून आलेले जंतू साफ करतात. माज ओसरला की काही दिवसांत प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि हा पहारा ढिला पडतो. म्हणजे उशिरा केलेलं रेतन वाया जातंच, वर गर्भाशयात संसर्ग बसण्याचा धोकाही वाढतो.

दुसरा नाजूक काळ विण्याच्या आसपासचा. तेव्हा प्रोजेस्टेरॉन झपाट्याने घसरतं, कॉर्टिसोल वाढतं आणि पांढऱ्या पेशी मंदावतात. वार अडकणं, कासदाह ही दुखणी बहुतेकदा याच दिवसांत गाठतात. जास्त दूध देणाऱ्या संकरित गाईला हा ताण जास्त. त्यामुळे नुसतं रेतन करून भागत नाही, चारा आणि आरोग्यही बघावं लागतं. बाएफने पुढे लाळ्या-खुरकूतवरची लसही बनवली.

१९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये मणिभाई गेले. दिलेला शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

तेव्हा सकाळी माज दिसला तर संध्याकाळपर्यंत रेतन करून घ्या. गाईचं शरीर तेवढीच वेळ देतं.