‘कार्य’ मोजायला शिकवणाऱ्या कोरिऑलिसच्या नावाचं बल स्वतः शून्य कार्य करतं!

हिंगोलीकडच्या एखाद्या खोल विहिरीतून पोहरा शेंदून बघा. सुरुवातीला हात भरून येतात, कारण पाण्यासोबत लोंबत्या दोराचंही वजन असतं. पोहरा वर येईल तसं ओझं कमी होतं. मग एकूण कार्य किती?

उत्तर आपल्याला शाळेत मिळतं, पण ‘कार्य’ या शब्दाला हा अर्थ पक्का करून दिला तो गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस यांनी, १८२९ च्या यंत्रांवरच्या पुस्तकात. वाटेचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर हालचालीच्या दिशेनं लागणारं बल गुणिले अंतर, आणि सगळ्याची बेरीज. घर्षण असेल तर लांबची वाट महागात पडते.

जन्म १७९२ चा, पॅरिसमधला, ऐन राज्यक्रांतीत. तब्येत कायम नाजूक. वडील गेल्यावर घर चालवायला १८१६ पासून ते एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागले.

१८३५ मध्ये त्यांनी फिरत्या यंत्रांवर निबंध लिहिला. फिरणाऱ्या चौकटीत वस्तूला बाजूला वळवणारं बल त्यात होतं. तेच आज ‘कोरिऑलिस बल’. विषुववृत्त ओलांडून येणारे वारे याच बलामुळे उजवीकडे वळतात, नैर्ऋत्य मोसमी होतात आणि जूनमध्ये हिंगोलीच्या सोयाबीनला पाऊस मिळतो.

आता गंमत बघा. हे बल नेहमी हालचालीला काटकोनात असतं. म्हणजे वाट कुठलीही असो, त्याचं कार्य शून्य!

कोरिऑलिस १८४३ मध्ये, अवघ्या ५१ व्या वर्षी गेले. त्या निबंधात वाऱ्यांचा विषयच नव्हता.