भिंतीपलीकडची घंटा : जगदीशचंद्र बोस

थेरगावातल्या सोसायट्यांमध्ये हॉलमध्ये राउटर आणि आतल्या खोलीत लॅपटॉप, हे चित्र आता घरोघरी दिसते. हिंजवडीतल्या कंपनीचे काम घरून चालते, मुलांचा अभ्यास घरून चालतो आणि ऐन मीटिंगमध्ये पडद्यावरचा चेहरा गोठतो. प्लॅन महागाचा, राउटर नवा, पण लॅपटॉप आठ-दहा वर्षांचा. दुरुस्तीवाला मागचे झाकण उघडतो, बोटाच्या पेराएवढे जुने वायरलेस कार्ड काढतो, नवे बसवतो, अँटेनाच्या दोन बारीक तारा त्यावर दाबतो आणि त्याच घरात, त्याच राउटरवर वेग वाढतो.

यामागचे विज्ञान सोपे आहे. जुने कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओळखत होते, नव्याला ५ गिगाहर्ट्झच्याही समजतात. पहिल्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सुमारे सहा. वरच्या पट्ट्यात गर्दी कमी आणि जागा जास्त, म्हणून एका वेळी जास्त माहिती जाते. मात्र भिंत आडवी आली की आखूड लहर लवकर दमते. वेग हवा तर पल्ला सोडा, पल्ला हवा तर वेग सोडा, असा हा व्यवहार आहे.

या आखूड लहरींच्या जगात सर्वांत आधी जे मोजके लोक शिरले, त्यांत कोलकात्याचे एक प्राध्यापक होते. जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये, म्हणजे आजच्या बांगलादेशात झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते, तरी मुलाला त्यांनी आधी बंगाली शाळेतच घातले. शेतकरी आणि कोळ्यांची मुले शेजारी बसत. झाडे, मासे, पाणी यांच्याविषयीचे कुतूहल तिथलेच.

पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफों यांनी त्यांना भौतिकशास्त्राची गोडी लावली. तरीही १८८० मध्ये बोस लंडनला गेले ते डॉक्टर व्हायला. वारंवार येणारा ताप आणि शवविच्छेदनाच्या खोलीतला वास यांनी तब्येत ढासळली आणि वैद्यकी सोडावी लागली. मग केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात ते निसर्गविज्ञान शिकले. तिथे लॉर्ड रॅले त्यांचे शिक्षक होते.

१८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात नेमणूक झाली, पण हंगामी आणि युरोपीय प्राध्यापकाच्या एक तृतीयांश पगारावर. बोस यांनी नोकरी सोडली नाही आणि पगारही घेतला नाही. तीन वर्षे त्यांनी विनावेतन शिकवले. वडिलांच्या फसलेल्या उद्योगांचे कर्ज डोक्यावर होते. १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झाले. अबला मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेत होत्या. ओढाताणीचा तो संसार दोघांनी मिळून रेटला. अखेर सरकारने पूर्ण पगार मागील थकबाकीसह मंजूर केला आणि त्या पैशातून कर्ज फिटले.

कॉलेजात संशोधनाची सोय नव्हती. वापरात नसलेली एक लहानशी खोली मिळाली आणि उपकरणे गावच्या कारागिराकडून, स्वतःच्या खर्चाने घडवून घ्यावी लागली. जर्मनीच्या हाइनरिख हर्ट्झ यांनी काही वर्षांपूर्वीच विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवल्या होत्या. त्या लहरी लांब होत्या, त्यामुळे उपकरणेही अवजड. प्रकाशाशी त्यांचे नाते तपासायचे तर लहर आखूड हवी, हे बोस यांनी ओळखले. १८९४ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी लहरीची लांबी ५ मिलिमीटरपर्यंत खाली आणली. आजच्या भाषेत हे ६० गिगाहर्ट्झ होते.

लहरी गोळा करायला त्यांनी धातूचे नरसाळे वापरले. आज त्याला हॉर्न अँटेना म्हणतात. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जाडजूड पुस्तकात पानापानांत कथलाचा वर्ख घालून त्यांनी लहरींना दिशा लावणारी चाळणी केली. पिळलेल्या तागाच्या जुड्यांनी लहरींची दिशा वळते, हे दाखवले. ताग बंगालमध्ये हाताशीच होता.

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी हा खेळ लोकांसमोर मांडला. वाटेत लेफ्टनंट गव्हर्नर बसलेले होते आणि भिंती होत्या. त्या ओलांडून सुमारे ७५ फुटांवरच्या खोलीत लहर पोहोचली, तिथली घंटा वाजली आणि दारूची पूड उडाली. जोडणारी तार कुठेच नव्हती. घंटा वाजवायला लहरीचा अंश पोहोचला तरी पुरतो. सिनेमा दाखवायचा तर ती सलग आणि जोरकस पोहोचावी लागते. आतल्या खोलीत वायफायची दांडी दिसते पण व्हिडिओ अडकतो, त्याचे कारण हेच.

त्या दिवशी लहरीच्या वाटेत बसलेल्या पाहुण्यांना काही इजा झाली नाही. एक्स-किरणांचा शोध लागल्यावर बोस यांनी त्यांचेही यंत्र कोलकात्यात जुळवले होते. या दोन प्रकारांतला फरक आजही घरात विचारला जातो. एक्स-किरण अणूतून इलेक्ट्रॉन उखडू शकतात, म्हणून त्यांचा मारा मोजूनमापून करावा लागतो. रेडिओ लहरींत तेवढे बळ नसते. त्यांचा पक्का माहीत असलेला परिणाम म्हणजे ऊब, आणि तीही मोठ्या शक्तीच्या यंत्राजवळ. लॅपटॉपच्या कार्डाची शक्ती वॉटच्या लहानशा अंशाएवढी असते. कार्ड बदलल्याने आरोग्याला नवा धोका येत नाही.

जानेवारी १८९७ मध्ये बोस यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान दिले आणि युरोप चकित झाला. उपकरणाचे गुपित विकून श्रीमंत होण्याची संधी समोर होती. ज्ञान विकायचे नाही, या भूमिकेवर ते ठाम राहिले. भगिनी निवेदिता आणि अमेरिकेच्या सारा बुल यांच्या आग्रहाखातर एक अमेरिकी पेटंट तेवढे घेतले गेले. शिशाच्या खनिजाचा, गॅलेनाचा, स्फटिक वापरून लहरी पकडण्याचे हे पेटंट १९०४ मध्ये मिळाले. अर्धवाहक वापरणाऱ्या उपकरणांचे ते अगदी पहिल्या पेटंटांपैकी एक. त्यातून पैसा करण्याच्या फंदात बोस पडले नाहीत.

तोवर जग दुसऱ्या वाटेला लागले होते. मार्कोनी यांना समुद्रापार संदेश हवा होता आणि त्यासाठी शेकडो मीटर लांबीच्या लहरी उपयोगी होत्या. डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी अटलांटिकपलीकडून संदेश टिपल्याचे जाहीर केले. त्या वेळी वापरलेला पाऱ्याचा संवेदक बोस यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या संवेदकाशी मिळताजुळता होता. पुढे १९२७ मध्ये मार्कोनी यांच्या पद्धतीने भारत थेट इंग्लंडशी जोडला गेला. संदेश पाठवणारे केंद्र थेरगावपासून फार लांब नसलेल्या खडकीत आणि घेणारे दौंडला होते. तिथल्या लहरीही काही दहा मीटर लांबीच्या होत्या. दूरच्या निरोपासाठी बोस यांच्या मिलिमीटर लहरींची कुणाला गरज उरली नव्हती.

बोस स्वतः वनस्पतींकडे वळले. झाडाची सूक्ष्म वाढ मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ त्यांनी बनवले. १९१७ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी आपल्या वाढदिवशी त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट उघडली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. मार्कोनी त्याच वर्षी जुलैमध्ये गेले होते.

पण घरातल्या जाळ्याला समुद्र ओलांडायचा नसतो, हॉलमधून बेडरूम गाठायची असते. अंतर आखूड झाले तशी लहर पुन्हा आखूड होत गेली. म्हणून कार्ड बदलण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. राउटर ५ गिगाहर्ट्झ देतो का, लॅपटॉपचे कार्ड निघते की पक्के जोडलेले आहे, आणि मध्ये भिंती किती आहेत. दोन-तीन जाड भिंती असतील तर नव्या कार्डापेक्षा राउटरची जागा बदलणे स्वस्त पडते.

२०१२ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने बोस यांच्या १८९४ ते १८९६ मधल्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना ऐतिहासिक टप्पा म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी त्याच संस्थेने एका नव्या वायफायचे प्रमाण मंजूर केले. एकाच खोलीत अतिवेगाने चालणारे, भिंतीपाशी थांबणारे. त्याचा पट्टा होता ६० गिगाहर्ट्झ.