शेतकऱ्यांचे कैवारी फादर जॉन हॉफमन
(१८५७–१९२८)

ज्युबिलीच्या आनंदात आपण आपले मंदिर उभारणाऱ्यांचे कृतज्ञतेने स्मरण करतो, ते योग्यच आहे. परंतु मंदिरात येणारे कुटुंब ज्या शेतावर जगते, ते शेतच त्याच्या हातून गेले तर त्याने कोठे जावे? हा प्रश्न ज्यांनी आपल्या धर्मसेवेचाच भाग मानला, त्या येशूसंघीय फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन यांचे अल्प चरित्र या प्रसंगी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

फादर हॉफमन यांचा जन्म १८५७ साली जर्मनीत झाला. तरुणपणीच येशूसंघात प्रवेश करून ते हिंदुस्थानात आले, आणि पुढे छोटा नागपुरातील मुंडा लोकांची सेवा हेच त्यांचे जीवितकार्य झाले. या लोकांची स्थिती त्या वेळी फार कष्टाची होती. ज्यांच्या पूर्वजांनी रान तोडून गाव वसविले, त्यांच्या वंशजांचीच गावच्या जमिनीवर मालकी, अशी मुंडांची पुरातन रीत होती. तिला खुंटकट्टी म्हणत. पुढे बाहेरून जमीनदार व ठेकेदार आले. ते सारा वसूल करू लागले आणि वेठीने कामही करवून घेऊ लागले. मुंडांजवळ कागद नव्हता, कचेरीची भाषाही त्यांस येत नव्हती. म्हणून न्याय मागावयास गेलेला शेतकरी बहुधा रिकाम्या हाताने परत येई. १८८५ पासून बेल्जियमचे फादर कॉन्स्टंट लिव्हन्स यांनी या लोकांस न्यायालयात आपला हक्क मांडावयास शिकविले. अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली व १८९३ साली मायदेशी त्यांचे देहावसान झाले.

फादर हॉफमन यांनी मुंडा मुलखात सरवदा येथे राहून कार्य केले. प्रथम त्यांनी लोकांची भाषा आत्मसात केली. १९०३ साली त्यांचे मुंडारी व्याकरण प्रसिद्ध झाले. भाषेबरोबरच गावकी, वंशावळी व जमिनीची वहिवाट यांचेही त्यांनी बारकाईने अध्ययन केले. हे ज्ञान लवकरच उपयोगी पडावयाचे होते.

१८९९ साली बिरसा मुंडा यांचा उठाव झाला. त्या वर्षी नाताळच्या पूर्वसंध्येस सरवद्याच्या मिशनवर बाण सुटले, तेव्हा फादर तेथेच होते. बंडाचा मार्ग त्यांस मान्य नव्हता. तथापि ज्या संतापातून ते बाण आले, त्याचे मूळ हिरावलेल्या जमिनीत आहे हे त्यांनी ओळखले. बिरसा १९०० साली रांचीच्या तुरुंगात मरण पावले. परंतु प्रश्न तसाच राहिला. फादरांनी लिस्टर नामक सरकारी अधिकाऱ्याच्या सहकार्याने मुंडांच्या जमीनपद्धतीचे सविस्तर टिपण तयार केले. १९०८ साली छोटा नागपूर कुळकायदा मंजूर झाला, त्यात फादरांच्या या ज्ञानाचा मोठा उपयोग झाला. खुंटकट्टीचा हक्क कायद्याने मान्य झाला, आणि आदिवासींची जमीन परक्यांच्या हाती जाण्यास आळा बसला.

परंतु फादर येथेच थांबले नाहीत. जमीन कायद्याने राखली, तरी बी-बियाण्यासाठी व बैलासाठी शेतकऱ्यास सावकाराच्याच दारी उभे राहावे लागे. आणि एकदा कर्जात बुडालेला मनुष्य आपल्या शेतावर मजुरासारखाच राबतो. दान दिल्याने हे दुःख टळणार नाही, अशी त्यांची खात्री होती. म्हणून त्यांनी जर्मनीतील रायफायझन यांच्या सहकारी पतपेढ्यांचे तत्त्व घेऊन १९०९ साली छोटा नागपूर कॅथलिक सहकारी पतसंस्था स्थापन केली. थेंबे थेंबे तळे साचे, या न्यायाने गरिबाने आपली अल्प बचत एकत्र करावी, त्यातून शेजाऱ्याच्या नडीस कर्ज द्यावे, आणि शेजारीच शेजाऱ्याचा जामीन असावा, असा हा मार्ग होता. ज्यांस कोणी पत देत नव्हते, ते एकमेकांस पत देऊ लागले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, केवळ जर्मन म्हणून फादरांस हिंदुस्थान सोडावे लागले. ज्या लोकांसाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्यांची भेट पुन्हा घडली नाही. परंतु दूर देशीही ते मुंडांच्याच सेवेत राहिले. फादर व्हॅन एमेलन यांच्या साह्याने रचलेल्या मुंडारी ज्ञानकोशावर त्यांचे काम चालू होते. १९२८ साली ते प्रभुचरणी लीन झाले. तो ज्ञानकोश पुढे अनेक खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात मुंडांचे नांगर, पेरणी, सण व चालीरीती यांचे वर्णन जतन झाले आहे.

आपल्या वसईतही १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने कॅथलिकांची सहकारी पतसंस्था निघाली, व तीच पुढे बॅसिन कॅथलिक बँक झाली. म्हणजे हा मार्ग आपणांस परका नाही. फादर हॉफमन यांच्या खटपटीने घडलेला कायदा आज झारखंडात लागू आहे; तथापि आपल्या वाडवडिलांची वाडी विकावी की राखावी, याचा निर्णय आपल्याच घरात व्हावयाचा आहे. एकट्या घरास ते ओझे जड वाटेल, तेव्हा शेजाऱ्याने हात द्यावा, हाच या थोर पुरुषाच्या जीवनाचा बोध होय. परमेश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो.