रँग्लर परांजपे आणि गणिताची परीक्षा

विद्यार्थी मित्रहो, कॉलेजात गणित घेतले की परीक्षेची धास्ती आलीच. एके काळी जगातील अत्यंत कठीण समजल्या जाणाऱ्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले एक गृहस्थ पुढे १९५६ ते १९५९ या काळात पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. आपल्या अहमदनगर कॉलेजची मुले त्याच विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. त्यांची ही हकीगत.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी कोकणात, दापोलीजवळच्या मुर्डी या खेड्यात झाला. नात्यातील धोंडो केशव कर्वे यांनी त्यांना मुंबईस आपल्याजवळ ठेवून शिकविले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून ते सरकारी शिष्यवृत्तीवर १८९६ साली केंब्रिजला गेले.

तेथील परीक्षेचे नाव ट्रायपॉस. पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर. या शब्दाचा मूळ अर्थ वाद घालणारा, कारण फार पूर्वी ही परीक्षा तोंडी, लॅटिन भाषेत वाद घालून होत असे. पुढे ती लेखी झाली; पण लेखी म्हणजे पुस्तकातील सिद्धांत उतरवून काढणे नव्हे. सिद्धांत तर यावे लागतच, शिवाय पूर्वी कधी न पाहिलेली उदाहरणे घड्याळाशी शर्यत लावून सोडवावी लागत. नुसते पाठांतर करणारा तेथे उघडा पडे. सावकाश विचार करणारा हुशार मुलगाही मागे राही, हा मात्र त्या पद्धतीचा दोषच म्हटला पाहिजे. बहुतेक मुले खासगी शिकवणी लावीत, तेव्हा क्लासचे वेड काही आपल्याच गावचे नाही! निकाल लागे तो पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमवार, आणि अगदी तळाच्या विद्यार्थ्याला सोबती थट्टेने लाकडी चमचा देत.

१८९९ साली परांजपे आणि बर्टविसल असे दोघे बरोबरीने पहिले आले. सीनियर रँग्लर होणारे परांजपे हे पहिले भारतीय. मुलींनो, तुम्हीही एक नाव ध्यानात ठेवा. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट हिने पहिल्या आलेल्या मुलापेक्षा अधिक गुण मिळविले होते, परंतु मुलगी म्हणून तो किताब तिला मिळाला नाही.

पालकहो, आता पुढचे ऐका. एवढे यश पदरी असताना परांजपे मोठ्या पगाराच्या सरकारी नोकरीमागे गेले नाहीत. ते फर्ग्युसनमध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या तुटपुंज्या वेतनावर शिकवू लागले आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाले. १९२१ मध्ये ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्रीही झाले. घरातला मुलगा पहिला आला आणि मास्तर व्हायचे म्हणाला, तर आपल्यापैकी किती जणांच्या कपाळाला आठ्या पडणार नाहीत?

आणि ज्या क्रमवारीने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, ती तरी कुठे टिकली? हार्डी हे स्वतः १८९८ चे चौथे रँग्लर. तरी या चढाओढीत मुले खरे गणित सोडून परीक्षेचे डावपेचच शिकतात, असे त्यांचे मत होते. अखेर १९०९ ची यादी शेवटची ठरली. पुढच्या वर्षापासून केंब्रिजने नुसते वर्ग जाहीर केले, क्रमांक नाहीत.

परांजपे ६ मे १९६६ रोजी वारले. सर हा किताब, मंत्रिपद, ऑस्ट्रेलियातील उच्चायुक्तपद हे सारे लाभूनही महाराष्ट्र त्यांना रँग्लर परांजपे म्हणूनच ओळखत राहिला.