सन हाउस आणि त्याची धातूची गिटार

शाळेच्या वार्षिकांत ज्यांचीं चरित्रें छापलीं जातात ते पुरुष बहुधा निष्कलंक असतात. आज ज्याची ओळख आम्ही वाचकांस करून देणार आहोंत तो तसा नव्हता. तो उपदेशक होता आणि मद्यपीही होता; त्याच्या हातून एक मनुष्य मारला गेला होता; आणि ज्या संगीतास त्याच्या मंडळींतील वडीलधारे लोक सैतानाचें संगीत म्हणत, त्याच संगीतांत त्याची कीर्ति झाली. तरीही त्याची हकीकत येथें द्यावी असें आम्हांस वाटलें. तें योग्य झालें कीं नाहीं हें वाचकांनीं ठरवावें.

एडवर्ड जेम्स हाउस, ज्यास लोक सन हाउस म्हणत, याचा जन्म २१ मार्च १९०२ रोजीं अमेरिकेच्या मिसिसिपी संस्थानांत, क्लार्क्सडेल गांवाजवळ झाला. या प्रदेशास डेल्टा म्हणतात. जमीन सुपीक, पीक कापसाचें. वऱ्हाड-खानदेशाकडील वाचकांस कापसाच्या कष्टांविषयीं अधिक सांगावयास नको. फरक इतकाच कीं तेथें राबणारे बहुतेक लोक गुलामगिरींतून सुटलेल्यांचीं मुलेंनातवंडें असून, मालकाची जमीन अर्धेलीनें करतां करतां त्यांचें कर्ज कधीं फिटत नसे. सनचा बाप हौशी वादक होता. परंतु मुलाचा ओढा लहानपणापासून प्रार्थनामंदिराकडे होता. पंधराव्या वर्षीं त्यानें पहिला उपदेश केला आणि पुढें तो पाळक झाला. त्या काळीं गिटार हातीं घेणेंसुद्धां त्यास पाप वाटे.

वयाच्या पंचविसाव्या वर्षाच्या सुमारास, १९२७ सालीं, त्यानें एका घरीं एक वादक पाहिला. त्या माणसानें बोटांत औषधाची लहान बाटली अडकविली होती आणि ती तो तारांवरून घसरवीत होता. तो स्वर ऐकून हाउस जागींच थबकला. लवकरच त्यानें जुनी गिटार विकत घेतली व थोड्याच दिवसांत तो स्वतः वाजवूं लागला. उपदेशाचें काम एकदम सुटलें नाहीं, पण दोन्ही डगरींवर हात ठेवून फार काळ राहतां येत नाहीं.

१९२८ च्या सुमारास एका नाचगाण्याच्या बैठकींत गोळीबार झाला. हाउसच्या पायास गोळी लागली आणि त्यानें उलट झाडलेल्या गोळीनें समोरचा मनुष्य मेला. स्वसंरक्षणाची सबब न्यायालयानें मानली नाहीं. पंधरा वर्षांची शिक्षा होऊन त्याची रवानगी पार्चमन येथील तुरुंगाच्या शेतावर झाली. सुमारें दोन वर्षांनीं प्रकरणाचा पुनर्विचार होऊन तो सुटला. सुटल्यावर लूला गांवीं त्याची चार्ली पॅटन या नामांकित वादकाशीं गांठ पडली, व १९३० सालीं त्याच्या व विली ब्राउनच्या संगतीनें तो विस्कॉन्सिनमधील ग्राफ्टन येथें पॅरामाउंट कंपनीसाठीं गाण्यास गेला. ही कंपनी मूळ एका खुर्च्यांच्या कारखानदाराची, हें वाचून आमच्याप्रमाणें वाचकांसही मौज वाटेल. तबकड्या निघाल्या, पण मंदीचे दिवस, त्या खपल्या नाहींत. त्यांतल्या एकीची प्रत तर इतकी दुर्मिळ होती कीं ती संग्राहकांस मिळून २००६ सालीं पुन्हां प्रसिद्ध झाली.

१९४१ व १९४२ सालीं ॲलन लोमॅक्स यानें काँग्रेसच्या ग्रंथालयाकरितां त्याचीं गाणीं मुद्रित करून घेतलीं. त्याबद्दल आपणांस कोकाकोलाची एक थंड बाटली मिळाली, असें हाउस पुढें सांगत असे. १९४३ सालीं तो उत्तरेस रॉचेस्टर शहरीं गेला व रेल्वेंत पोर्टर म्हणून राहिला. १९५२ सालीं विली ब्राउन वारला. त्यानंतर त्यानें गिटारीस हात लावणें सोडलें. शेजाऱ्यांस तो एक साधा वृद्ध मनुष्य म्हणूनच ठाऊक होता. इकडे त्याच्यापासून शिकलेले रॉबर्ट जॉन्सन व मडी वॉटर्स यांचीं नांवें दूरवर गेलीं होतीं.

जून १९६४ मध्यें तीन तरुण त्याचा शोध घेत प्रथम मिसिसिपींत हिंडले आणि अखेर रॉचेस्टरमधील त्याच्या बिऱ्हाडीं पोंचले. पण हाउस स्वतःचींच गाणीं विसरला होता! ॲलन विल्सन नांवाचा एक विशींतला मुलगा, ज्यानें जुन्या तबकड्या ऐकून तीं घोटलीं होतीं, तो त्याच्यासमोर बसला आणि हाउसचेंच वादन हाउसला शिकवूं लागला. गुरूस शिष्यानें, तेंही जन्मांत पूर्वीं न भेटलेल्या शिष्यानें, विद्या परत द्यावी हा प्रसंग आम्हांस त्याच्या चरित्रांत सर्वांत हृद्य वाटतो.

आतां त्याच्या वाद्याविषयीं थोडेंसें. विजेचा आवाजवर्धक गिटारीस जोडला जाण्यापूर्वीं बँडच्या गलबल्यांत तिचा आवाज बुडून जाई. म्हणून लॉस एंजल्स येथें जॉर्ज बीचम या वादकानें जॉन डोपिएरा या कारागिराकडे मोठ्या आवाजाची गिटार मागितली आणि १९२७ सालीं नॅशनल कंपनीची धातूची गिटार निघाली. पहिलींत तीन शंकू होते; पुढच्या वर्षींच्या साध्या प्रकारांत एकच, सुमारें साडेनऊ इंच व्यासाचा. हा शंकू पातळ ॲल्युमिनियमचा असून गिटारीच्या पोटांत बसविलेला असतो. त्याच्या माथ्यावर लांकडाची वाटोळी चकती, चकतींत घोडी, व घोडीवर तारा. तार कांपली कीं शंकू कांपतो. ग्रामोफोनच्या साउंड-बॉक्समधील पडद्यासारखेंच हें काम. यालाच रेझोनेटर म्हणतात. याचा स्वर चटकन उठतो व चटकन विरतो. लांकडी गिटारीची मऊ गोडी त्यांत नाहीं. परातींत नाणें पडावें तशी धार त्यास असते.

अशी गिटार मांडीवर घेऊन, तारा उघड्याच एका सुरावळींत जुळवून व बोटांत धातूची नळी घालून हाउस वाजवीत असे. विचित्रवीणा ज्यांनीं ऐकली आहे त्यांस कांचेचा गोळा तारांवरून फिरवून काढलेली मींड ठाऊक असेल; तत्त्व तेंच. ब्लूज गाण्यांत कोमल व शुद्ध गांधारांच्या मधला जो स्वर येतो तो पडद्यावर बोट दाबून सांपडत नाहीं. नळीनें मात्र सहज गांठतां येतो. परंतु वीणेचा संथपणा येथें नाहीं. हाउस तार छेडीत नसे, हिसकीत असे. ती पट्टीवर आदळून खणखणे. ओळीचा अर्धा भाग तो कंठानें म्हणे आणि उरलेला गिटारीकडून वदवी. पाळकाच्या शब्दामागोमाग मंडळींतून आमेनचा ध्वनि उठावा, तशी ती गिटार त्याच्या पाठीशीं उभी राही. व्यासपीठ त्यानें सोडलें खरें, पण उपदेशाची चाल त्याच्या हातांतून गेली नाहीं.

१९६५ सालीं कोलंबिया कंपनीनें त्याच्या नव्या तबकड्या काढल्या. कार्नेगी हॉलमध्यें त्याचें गाणें झालें व पुढें युरोपांतही झालें. हात पूर्वींइतका चपळ राहिला नव्हता हें आम्ही लपवीत नाहीं. मद्यही सुटलें नव्हतें, व त्यामुळें कांहीं बैठकी वायां गेल्या. तो श्रोत्यांशीं बोले तेव्हां ईश्वर आणि ब्लूज हीं दोन्हीं एका माणसाच्या मनांत कशीं झगडतात तें सांगे. आपण तो झगडा जिंकला असें त्यानें कधीं भासविलें नाहीं. १९७४ च्या सुमारास त्यानें वादन कायमचें थांबविलें व डेट्रॉइट येथें बिऱ्हाड केलें. तेथेंच १९ ऑक्टोबर १९८८ रोजीं त्यास मृत्यु आला.

प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाविषयींचें एक गीत तो नेहमीं गात असे. १९६५ च्या त्या तबकड्यांमध्यें तें आहे. त्यांत त्याचा आवाज आणि टाळ्यांचा ठेका इतकेंच ऐकूं येतें. धातूच्या गिटारीचा एकही स्वर त्यांत नाहीं.